वाढीव माणसाचं भाडं

अमरावतीत मी जुन्या भाड्याने राहतो. घरात माणूस वाढला की भाडं वाढतं, हा घरमालकीण काकूंचा नियम. पत्नी गेल्यावर वर्षाने अकोल्याहून धाकट्या बहिणीला कायमचं राहायला आणलं. वाढीव भाडं माझ्या पेन्शनीत बसलं नसतं, तर तिला परत पाठवावं लागलं असतं. खाली गेलो, तेव्हा काकू मेथी निवडत होत्या.

"बहीण आता इथंच राहील. भाडं किती वाढवता?"

"काहून वाढवू? दोघं होते, दोघंच हायेत. एवढं शिकवलं पोरांले, अन् तुमालेच मोजता येत नाही, सर?"

मी हसलो, पण बरं वाटायला थोडा वेळ लागला. मग वर येऊन, वर्षभर बंद ठेवलेलं पत्नीचं कपाट बहिणीला साड्या ठेवायला उघडून दिलं.