पिल्लं न विकणारी मावशी

मी कामाला होतो ती कापडगिरणी कायमची बंद झाली, तरी आमच्या घरची रविवारची मासळी सुटली नाही. करी रोडच्या बाजारात मी एकाच कोळणीकडे जायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं मावशी म्हणायचो. बोलताना ती शेवटचा शब्द दोनदा म्हणायची.

अलीकडे तिची पाटी अर्धीच भरलेली असे. "दर्याचं पानी तापलंय, तापलंय. म्हावरं थंडाव्याला लांब गेलं," ती सांगायची. नवऱ्याची होडी तेवढ्या लांब जात नव्हती.

एका रविवारी जावई जेवायला येणार होता. मावशीच्या शेजारी बसणाऱ्या कोळणीच्या पाटीत तळहातापेक्षा लहान पापलेटं होती. मावशीकडे फक्त मांदेली, जात्याच बोटभर वाढणारी स्वस्त मासळी.

"तू का नाही आणलीस पापलेटं?"

"ती पिल्लं हायत, पिल्लं. अजून अंडी घातली नाय त्यांनी. आधीच म्हावरं कमी. हीबी खाल्ली तर मागं काय राहील?"

"तुझी गिऱ्हाइकं जातील, मावशी."

"जाऊ दे, जाऊ दे."

तेवढ्यात दोघीजणी तिला ओलांडून शेजारणीकडे गेल्या. तिने मानही वळवली नाही, मांदेलीवर पाणी शिंपडत राहिली.

जावयाला आज मांदेलीच वाढायची, असं ठरवून मी तिच्यासमोर पिशवी उघडून धरली.