डॅशबोर्ड आणि पांढरा रुमाल

गाडी माझ्या भावाची. सुरत सोडून धुळ्याला परत जाताना तो ती मला देऊन गेला, आणि त्याआधी बमरोलीच्या मोकळ्या जागेत त्यानेच मला चालवायला शिकवलं. लायसन हातात पडलं त्याच दिवशी मी ठरवलं, शाळेची वर्दी धरायची. मुलं घरून उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची, याला सुरतेत वर्दी म्हणतात. नवऱ्याची डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी, आणि त्याला गाडी येतही नव्हती. म्हणजे चालवणार मीच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बाईना हातमा गाडी शोभस का?" त्या म्हणाल्या. शोभेल, बघत राहा, असं मी तोंडावर सांगितलं.

मुलं मिळणार होती पलीकडच्या गुजराती सोसायटीतली. सहा घरं, पण सगळ्यांचं एकाच बाईंच्या शब्दावर चालायचं. त्या हो म्हणाल्या की सहाही मुलं माझी. त्या गाडी बघायला आल्या. बाहेरून काही बोलल्या नाहीत, आत वाकल्या आणि नाक मुरडलं. उन्हाने डॅशबोर्ड पांढुरका पडला होता, मधोमध वीतभर चीर, आणि चिरेवर भावाने मारलेली चिकटपट्टी. सोबतच्या बाईला त्या मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "गाडी आवी, तो चलावनार केवी हशे?" अशी गाडी, तर चालवणारी कशी असेल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी हसून म्हटलं, रविवारी परत या.

नवरा म्हणाला, रंगाची चिंता तू करूच नकोस. हजारो साड्या ज्याच्या हाताखालून रंगून गेल्या, त्याला एवढासा डॅशबोर्ड काय जड! रंगखात्याच्या मास्तरला विचारून त्याने मिलमधली तपकिरी पूड आणली, पातेल्यात उकळली, आणि काठीला चिंधी बांधून ते गरम पाणी तीनदा डॅशबोर्डवर चोळलं. रंग असा काही खुलला की चाळीतली माणसं बघायला जमली. सासूबाईही चष्मा पुसून बघून गेल्या.

रविवारी बाई आल्या. सुरतेची बाई साडी घेताना काय करते, हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं, पण त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनी कमरेचा पांढरा रुमाल काढला, टोक जिभेने ओलं केलं आणि डॅशबोर्डवर घासलं. टोक तपकिरी झालं. मुलांचे युनिफॉर्म पांढरे आहेत, एवढंच बोलून त्या निघून गेल्या. मिलमध्ये वाफ असते, दाब असतो, म्हणून रंग धाग्यात मुरतो. ओट्यावर पातेल्यातून काढलेला रंग नुसता वर बसणार, हे नवऱ्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! तो मान खाली घालून बसला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. सासूबाई म्हणाल्या, आता तरी भावाची गाडी भावाला देऊन टाक. तिथेच माझं पक्कं झालं. गाडी जाणार नव्हती.

मग मीच पदर खोचला. धुण्याच्या सोड्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत डॅशबोर्ड धुतला. पॉलिश पेपरने घासला, चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकल्यावर पुन्हा घासला, प्रायमर मारला. मीटरच्या काचेवर साडीच्या घडीतला कागद चिकटवला. ऑइलपेंटात थिनर घातलं आणि डास मारायच्या पंपाने पातळ पातळ फवारलं. नवरा मागे उभा राहून सांगत होता, जाड मार, गडद मार, सुकल्यावर रंग उतरतो. म्हटलं, कापडाचा उतरत असेल, मिलमध्ये तुमचं ऐकेन, इथे नाही. एका दिवसाआड एक असे तीन हात दिले. हात दुखून आले, नखांत रंग बसला, घरात थिनरचा वास भरला. सासूबाई नाकाला पदर लावून फिरत होत्या, फिरू दे म्हटलं. मग आठवडाभर रोज ओला रुमाल घासून बघत होते. शेवटी चार दिवस ओळीने रुमाल पांढराच निघाला.

या वेळी मी कुणाला बोलावलं नाही. स्वतः गाडी चालवत सोसायटीच्या फाटकाशी नेली आणि हॉर्न दिला. बाई खाली आल्या, रुमाल काढला, ओला केला, घासला. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. मग म्हणाल्या, रंग ठीक आहे, पण गाडी तुझा नवरा चालवणार असेल तरच मुलं देते.

"त्याला येत नाही," मी म्हटलं. "रंग मी दिलाय, गाडीही मीच चालवणार. बसा, एक चक्कर मारून आणते."

त्या बसल्या, का कोण जाणे. बहुतेक जिन्यात उभी राहून सगळी सोसायटी बघत होती म्हणून. मी त्यांना भर गर्दीतून पांडेसऱ्यापर्यंत नेलं, ट्रकांच्या मधून, हातगाड्यांना वाट देत. पूर्ण वेळ त्यांनी दोन्ही तळवे डॅशबोर्डवर घट्ट दाबून धरले होते. घामाने ओले झालेले तळवे.

फाटकाशी उतरल्यावर त्यांनी आधी आपले तळवे पाहिले. स्वच्छ होते.

"सोमवारे, सवारे साडा छ," त्या म्हणाल्या. सोमवारी सकाळी साडेसहाला मी हॉर्न दिला, तेव्हा सहाही मुलं फाटकाशी उभी होती, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये.