बॉसच्या अंगणातला खांब

उन्हाळा साजरा करायला आम्ही जॅकेट आणि कानटोप्या घालून गेलो होतो.

बोलावणं इन्ग्रिडचं होतं. इन्ग्रिड म्हणजे माझ्या बायकोची, मुग्धाची बॉस. मूळची स्वीडनची. तिकडे जूनमध्ये मिडसमर हा उन्हाळ्याचा सण असतो, तेव्हा सूर्य मावळायचं नाव घेत नाही. इथे मेलबर्नला त्याच जूनमध्ये संध्याकाळी पाचलाच दिवे लावावे लागतात. पण सण म्हणजे सण. (आपणही इथे भर उकाड्यात तिळगूळ वाटतोच की.)

मुग्धाचं प्रोबेशन संपत आलं होतं. पर्मनंट करायचं की नाही, ते इन्ग्रिड सोमवारी सांगणार होती.

“देतील ते खा, हस, आणि कशातही पुढे पुढे करू नकोस,” गाडीतच मला ताकीद मिळाली.

“मदत करू का, एवढंही विचारायचं नाही?”

“ते तर मुळीच नाही.”

इन्ग्रिडच्या अंगणात पानाफुलांनी मढवलेला एक भलाथोरला खांब आडवा पडला होता. वरच्या आडव्या फळीला दोन्हीकडे फुलांची कडी लटकवलेली. दोऱ्या ओढून तो उभा करायचा आणि भोवती नाचायचं. कारभार इन्ग्रिडच्या वडिलांकडे, गुस्ताव आजोबांकडे होता. ऐंशीच्या घरातले, पांढरी दाढी, डोक्यावर फुलांचा मुकुट. दोरी धरणारा एक जण आजारी पडला होता. आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तू धडधाकट दिसतोस,” ते म्हणाले.

आयुष्यात हे मला पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं. मी दोरी घेतली.

“बाबा, प्लीज डोन्ट,” आमची इरा पुटपुटली.

तेवढ्यात इन्ग्रिड बशी घेऊन आली. “आधी हे खाऊन बघ. आमचं लोणचं.”

मुग्धा माझ्याकडेच बघत होती. मी अख्खा तुकडा तोंडात टाकला. ते लोणचं गोड होतं, आंबट होतं आणि कच्च्या माशाचं होतं. गिळवेना, आणि बॉससमोर थुंकता येईना.

“रेडी?” आजोबांनी विचारलं. मी मान डोलावली. तोंड उघडायची सोयच नव्हती.

खांब उठू लागला. खाडीवरून गार वारा सुटला होता, दोरी हाताला काचत होती. खांब जवळजवळ उभा झाला आणि नेमका त्याच क्षणी मासा भलत्याच नळीत शिरला. मला ठसका लागला. माझे दोन्ही हात तोंडाकडे गेले.

खांब सावकाश कलला आणि जिकडे आजोबा उभे होते तिकडेच, केकच्या टेबलावर कोसळला.

आजोबा दिसेनात.

“पप्पा?” इन्ग्रिडचा आवाज फाटला. कोणी जागचं हलेना. माझा मासा त्या धसक्यानेच पोटात गेला.

हलली ती मुग्धा. “तुम्ही दोघं ते टोक उचला. हळू. इरा, मुलांना मागे घे. इन्ग्रिड, फोन हातात ठेव.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “तू कशालाही हात लावू नकोस.”

खांब उचलला. टेबलाखालून आधी मुकुट आला, मग आजोबा. वेळीच आत शिरले होते, साधं खरचटलंही नव्हतं. दाढी मात्र क्रीमने माखली होती. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, विचार केला आणि मुलीला म्हणाले, “साखर कमी पडलीय.”

इन्ग्रिड हसत हसत रडायला लागली. खांब पुन्हा उभारला. माझी दोरी आजोबांनी न विचारता मुग्धाकडे दिली. मला त्यांनी खुर्चीत बसवून कॉफी दिली, तीही अर्धाच कप.

सोमवारपर्यंत घरात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी मुग्धा आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “पर्मनंट झाले.”

“खरंच? त्या दिवसाबद्दल काही बोलली का ती?”

“बोलली ना. म्हणाली, एवढ्या गोंधळात तुझं डोकं शांत कसं राहतं?”

“मग?”

“मी म्हटलं, लग्न झाल्यापासून रोजचा सराव आहे.”