सोमवारची पट्टी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. अडकलेल्या माणसांना तीस वर्षं बाहेर काढताहेत आणि घरी येऊन दर वेळी तेच सांगताहेत, "एकदा वीज गेली की शिकलासवरला माणूस डब्यात बसून रडतो!" त्यातूनच त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. वीज नको, नळ नको, कुणाची मिनतवारी नको, असं कुठेतरी जाऊन राहायचं.

पण दाजी चाचणीशिवाय काही चालू करत नाहीत. एका निवृत्त वनरक्षकाचं टेकडीवरचं जुनं लाकडी खोपटं त्यांनी मागून घेतलं. आधी ते नीट करायचं, मग साठलेली रजा काढून दोघांनी नव्वद दिवस राहून बघायचं. जमलं तर नोकरी सोडायची, शहरातलं घर सोडायचं आणि कायमचं तसंच राहायचं. ताईला विचारलं तर म्हणाली, "यांची हौस, माझा हवापालट."

डागडुजी दोन महिने चालली. कुजक्या फळ्या काढल्या, पत्रे बदलले, चूल मांडली. दाजींनी दाराला इतका रंधा मारला की दार चौकटीला अपुरं पडलं आणि वर फळीचा तुकडा ठोकावा लागला. पाण्याचं काम माझ्याकडे, कारण मी प्लंबर. छपरावरचं पावसाचं पाणी मागच्या टाकीत आणि तिथून जमिनीखालच्या पाइपानं न्हाणीत. येईल त्याला दाजी छाती फुगवून सांगायचे, "आमच्या नळसाहेबांचा हात लागलाय. थेंब गळायचा नाही."

शेवटच्या दिवशी मला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. जमिनीखालचा एक जोड घाईत आवळला आणि पाणी सोडून न बघताच वर माती ओढली. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं, आणि केलं ते सख्ख्या बहिणीच्या घरी.

टाकी काठोकाठ भरलेली होती, पुढचे तीन महिने कोरडे. दाजींनी एका लाकडी पट्टीवर बोटाबोटावर रेघा पाडल्या होत्या. दर सोमवारी सकाळी पट्टी टाकीत बुडवायची आणि पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचं. आठवड्याला पाच रेघा उतरल्या तर नव्वद दिवस निघणार होते. पहिल्याच सोमवारी चौदा उतरल्या.

हे मला कळलं पुढच्या रविवारी. भेटायला गेलो तर ताई दारात उभी, आणि तिची वेणी नाही. गुडघ्यापर्यंत पोचायची ती वेणी. आई ती घालता घालता दमून जायची आणि तरी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"अगं, केस कुठे गेले?"

"पाण्यात," ती हसली. "चौदा रेघा रे! हे काही बोलले नाहीत, पण एकदा माझ्या केसांकडे बघितलं. मला न्हायला दोन बादल्या लागतात ना. मग घेतली पत्र्याची कात्री."

जेवण झाल्यावर दोघं सरपणाला गेली. मी घरामागे टाकीकडे गेलो. सगळी जमीन करपलेली, आणि माझ्या जोडावर तेवढं हातभर गवत हिरवंगार. जोड गळत होता. उकरलं, जोड पक्का केला. मग उंबऱ्यावर बसून वाट बघायची आणि दोघं आली की म्हणायचं, माझं चुकलं. एवढंच करायचं होतं. मी काय केलं? टेंपोतले रिकामे कॅन काढले, खालच्या वस्तीतल्या विहिरीवर खेपा घातल्या आणि पट्टी बुडवत पाच रेघांचा हिशेब जमेल एवढी टाकी भरली.

रात्री तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी पट्टीवर बरोबर पाच रेघा उतरलेल्या निघाल्या. दाजींनी वहीत लिहिलं, ‘केस कापल्यावर वापर आटोक्यात.’ ताई उघड्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, चोर माझ्याच डोक्यावर बसला होता." आणि मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढे तरी थांबावं. पण काटकसरीनं राहूनही दोघांना आठवड्याला आठ रेघा लागत होत्या. पाचाच्या आठ झाल्या असत्या तर ताईनं आणखी काय कापलं असतं? म्हणून दर रविवारी, ती दोघं सरपणाला गेली की पाच कॅन. ताई माझ्यासाठी खास काहीतरी रांधायची, आणि मी ते खाऊन कॅन भरायला जायचो.

नव्वद दिवस पार पडले. दाजींनी राजीनामा लिहून वहीत ठेवला. "उद्या साहेबांच्या हातात," ते म्हणाले. वही ते मलाच वाचून दाखवत होते, सोमवारमागून सोमवार. पाचव्या सोमवाराशी आले तेव्हा मला ऐकवेना.

"दाजी, ती वही खोटी आहे," मी म्हणालो, आणि जोडापासून कॅनपर्यंत सगळं सांगून टाकलं. हे पाणी दोन महिन्यांच्या आतच संपलं असतं, हेही सांगितलं.

दाजी शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी राजीनाम्याची आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवला. "लिफ्ट अशी पास केली असतीस तर माणसं मेली असती," एवढंच म्हणाले. मग ताईच्या कापलेल्या केसांकडे बघायला लागले.

ताईनं विचारलं, "म्हणजे पाणी माझ्यामुळे जात नव्हतं?"

"नाही."

"एका रेघेनंही नाही?"

"तुझ्या न्हाण्याची अर्धी रेघसुद्धा होत नव्हती, ताई."

ती उठली. न्हाणीतून भरलेली बादली आणि तांब्या घेऊन अंगणात आली, दगडावर बसली आणि मान खाली घातली.

"ये. चोरून ओतत होतास ना? आता समोर ओत."

दाजी पट्टीला हात न लावता दारातच उभे होते. मी ओतायला लागलो. तांब्याभर पाणी गेलं, दुसरा अर्धा झाला, आणि ताईनं हात वर केला.

"बास. झाले धुऊन."

बादली जवळजवळ तशीच भरलेली होती.