तोडणीची यादी आणि परदेशी पेटंट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि गार खोलीत बसवला. गावांना पाणी टँकरनं येत होतं, पण कॉम्प्युटरला उकडू नये याची काळजी संचालक मंडळानं घेतली होती. त्याच्याबरोबर मलाही गारवा मिळायचा, म्हणून मी तक्रार केली नाही.

माझं काम ऊसतोडणीचा क्रम लावायचं. पुण्याहून शिकून आलो होतो, लॉजिक प्रोग्रॅमिंगचं नवं वेड होतं. त्यात मशीनला पायऱ्या सांगत बसायचं नसतं. खऱ्या गोष्टी भरायच्या, नियम द्यायचा आणि प्रश्न विचारायचा. उत्तर ते आपलं आपण काढतं. नियम मी तोडणी टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमाकडून घेतला: ज्याची विहीर आधी आटली, त्याचा ऊस आधी. त्याचा बाप गुऱ्हाळाच्या पाळ्या असाच लावायचा. मग गावोगाव फिरून विहिरी पाहिल्या. पहिला नंबर आला बेंबळीच्या एका मावशींचा. एकटी बाई, दीड एकर ऊस, विहिरीत नुसता गाळ. आठवड्यात टोळी येईल, असं मी स्वतः जाऊन सांगितलं. अध्यक्षांची विहीर तलावाला लागून, तुडुंब. त्यांचं नाव सगळ्यात शेवटी. हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, पण छापून बोर्डावर लावणारा शहाणा मीच पहिला.

चौथ्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. नियमांवरून मशीननं क्रम लावायची पद्धत म्हणे त्यांची, परदेशात पेटंट घेतलेली. वापर थांबवा, नाहीतर कोर्टात या. मला हसू आलं. मग मुकादमाच्या बापावरही खटला भरायला हवा होता. परदेशातलं पेटंट इथं कसं चालतं, आणि जर असं तर तसं, एवढ्या विचारावर कुणी मालकी कशी सांगतो, हे मला आजही कळलेलं नाही. वकिलांना कळत असावं.

कलेक्टरच्या पत्रालाही उत्तर न देणाऱ्या अध्यक्षांना मात्र कायद्याचा एकाएकी भलताच आदर वाटू लागला. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत मशीन बंद. तोवर यादी ते तोंडानं सांगणार, मी हातानं लिहिणार. पहिली टोळी त्यांच्याच फडात गेली. मी यादी सुवाच्य अक्षरात लिहिली. नोकरी नवी होती, भीती वाटत होती.

टोळी बेंबळीला पोचली तोवर मावशींच्या उसाचं चिपाड झालं होतं. त्या कारखान्यावर आल्या आणि गार खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना पेटंट समजावलं, नोटीस वाचून दाखवली, मशीनवर झाकलेलं कापडसुद्धा दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "मशीनला बंदी व्हती, समजलं. पर यादी तर तुमीच लिव्हली न्हवं? पहिला नंबर कुणाचा, तुमाला ठावं व्हतं."

मला लाज वाटली, अजून वाटते. त्या गेल्यावर मी नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिच्यात माझ्या हाताला कुठंच बंदी नव्हती.