चंडीगडला, एका पट्टीच्या वासामागे

तुळशीला पाणी घालून झालं होतं, भाकऱ्या फडक्यात बांधत होते, मासळीच्या कारखान्याची गाडी यायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात मोहालीहून सुनेचा फोन. "मम्मीजी, निशांत का घाव भर नहीं रहा. शुगर निकली है."

माझ्या मुलाला स्कूटरवरून पडून नडगीला लागलेलं दोघांनी महिनाभर माझ्यापासून लपवलं होतं. ह्यांचं दुखणंही अशाच एका जखमेवरून सुरू झालं. आधी पाय गेला, मग हे.

रत्नागिरीहून चंडीगडला थेट गाडी आहे, पण रोज नाही. दीड दिवस लागतो. जाणार असाल तर डबा घरचा घ्या आणि हिवाळ्यात स्वेटर हाताशी ठेवा. दिल्ली सोडली की थंडी हाडात शिरते. स्टेशनहून मोहालीला रिक्षा सहज मिळते. रस्ते सरळ, चौक सगळे सारखे गोल. आपण पुढे जातोय की तिथेच फिरतोय, मला कळेना.

सून जसप्रीत शुद्ध शाकाहारी. तिच्या घरी मी कधी सुका बोंबीलसुद्धा नेलेला नाही. डॉक्टरांनी निशांतच्या जखमेवर लावलेली पातळ चकती मात्र माशाच्या कातडीपासून केलेली. तीच कातडी, जी मी रोज सोलून डब्यात टाकते आणि खताची गाडी घेऊन जाते. जसप्रीत राजमा वाढताना म्हणाली, "लो जी, मछली घर में आ ही गई." हसलो तिघेही.

तिसऱ्या सकाळी पट्टीखालून वास आला. मासळी मी नाकाने पारखते. कापडाची कड उचलली तर चकती बुळबुळीत झालेली. नासली, असं वाटलं आणि मी ती ओढली. अर्धी हातात आली. निशांत कळवळला, "आई, काय करतेस?"

तिघं टॅक्सीने दवाखान्यात निघालो. वाटेत मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. ह्यांच्या पायाला वास येत होता आणि मला वाटायचं, माझ्याच हातांचा आहे. रोज संध्याकाळी लिंबाने हात घासायचे. पाय बघितलाच नाही.

निशांत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझे हात तर स्वच्छ होते ना, आई. मी शेजारच्या खाटेवर झोपायचो. मलाही नाही कळलं."

दवाखान्यातली सिस्टर आधी रागावली. "माताजी, सड़ी नहीं है, घुल रही है. यही तो इसका काम है." मग तिने जखम धुऊन दाखवली. कडेने लालसर नवं मांस धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ओढू नका; पण वास आला म्हणून धावत आलात, ते बरोबर केलंत. नवी चकती बसवली. शुगर आटोक्यात राहिली तर भरेल, म्हणाले. 'तर' हा शब्द मी गाडीत दीड दिवस उराशी धरून आले.

चंडीगडचं तळं, बागा, काही पाहिलं नाही. विचारू नका.

घरी आले तेव्हा तुळस वाळली होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले, दुपारपर्यंत कातडी सोलली. जेवणाच्या सुट्टीत हात नुसते पुसून निशांतला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, पाय दाखव.