मामा बसतील तिथे प्लॉट

दिल्लीच्या चारी अंगांना आज जी उंचच उंच वस्ती उभी आहे ती सरकारने आणि बिल्डरांनी मिळून वसवली, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती माझ्या मामेसासऱ्यांनी वसवली, आणि तीही जलरंगांची एक पेटी, एक लाकडी फळी आणि एक घडीचं स्टूल एवढ्या सामानावर. हे माझं म्हणणं नव्हे. गाझियाबादपासून गुडगावपर्यंतच्या कितीतरी गावांतली माणसं त्या काळी असंच म्हणत होती, आणि मामांबरोबर रविवारचे रविवार हिंडल्यामुळे ते ऐकायला मी हजर होतो.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे साताऱ्याचे, नोकरी एका मंत्रालयात, राहायला सरोजिनी नगरमधलं सरकारी क्वार्टर. सोमवार ते शुक्रवार ते चारचौघांसारखे बाबू असत. रविवारी मात्र हाफ स्वेटर आणि कानटोपी घालून ते स्कूटरला किक मारत, तेव्हा मोहिमेवर निघाल्याचा आव त्यांच्या चेहऱ्यावर असे. नव्वद सालानंतर जिकडेतिकडे नव्या कंपन्या निघत होत्या, त्यातल्याच एकीत नोकरी धरून मी पुण्याहून दिल्लीत आलो. नवं लग्न, नवं शहर आणि सासरचं गावात एकच घर. जावयाला मान असतो असं मी ऐकून होतो. मामांनी पहिल्याच रविवारी माझ्या हातात पाण्याचा भलामोठा कॅन आणि काळी छत्री दिली. म्हणाले, "जावईबापू, मागे बसा. कॅन मांडीवर घ्या. पायाशी ठेवलात तर पाणी हिंदकळून थकतं." पाणी थकतं म्हणजे काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही, पण मांडी मात्र दर रविवारी भिजली.

पाण्याबद्दल मामांची मतं फार कडक होती. ज्या जागेचं चित्र, त्याच जागेचं पाणी, हा नियम. घरचा कॅन केवळ अडीअडचणीला. त्यामुळे कुठेही पोचलो की मामा आधी विहीर, ट्यूबवेल किंवा निदान हातपंप शोधत, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटत आणि निकाल देत, "जड आहे. निळ्या रंगाचे दाणे पडतील, पण मातीच्या रंगाला झकास." गुडगावच्या पुढे एकदा अशा चाखलेल्या पाण्याने त्यांना आठवडाभर अंथरुणात पाडलं. मामी मला म्हणाल्या, "तुम्ही तरी अडवायचं की नाही? बिल्कुल लहान मुलासारखं करतात हे." त्यावर आतल्या खोलीतून क्षीण आवाज आला, "पण आभाळ काय उतरलं होतं त्या पाण्याने." आणि ते खरं होतं. मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण मामांनी काढलेल्या मोहरीच्या शेतावरचं ऊन बघितलं की अंगाला ऊब लागे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

हवेशीही त्यांचं असंच वाकडं होतं. मे महिन्यात लूचा भाजणारा वारा सुटला की शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. मामा नेमके तेव्हा निघत. जलरंगात आभाळ काढायचं तर ओला रंग एका दमात कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागतो. लूमध्ये तो अर्ध्या वाटेतच वाळून बसे. मामा जीभ दाताखाली धरून वाऱ्याशी शर्यत लावत आणि बहुतेक वेळा हरत. कधी आंधी येई आणि ओल्या आभाळावर धूळ चिकटे. मी हळहळे. मामा खूश. "राहू द्या. पदरचा रंग न खर्चता दिल्ली आली चित्रात." जानेवारीत धुक्याने समोरचा माणूस दिसेनासा झाला की त्यांना स्फुरण चढे. "मामा, इथे काहीच दिसत नाही," मी म्हणे. "तेच तर बरं. सगळं दिसलं की काय काढायचं आणि काय सोडायचं यातच सकाळ जाते."

बघ्यांची तर दिल्लीला वाण नाही. स्टूल उघडायच्या आत माणसं जमत. "अंकल, कॅमरा ले लो ना, दो मिनट का काम है." "बाबूजी, मेरी भैंस भी डाल दो, अच्छी नसल की है." मामा म्हैस घालत. नुसती घालत नसत, मालकाला तिचं नाव विचारून घालत. मात्र चित्रासाठी त्यांनी एकदा सगळ्या मराठी मंडळींचा रोष ओढवून घेतला होता. संक्रांतीच्या सुमारास आमच्यातले काहीजण बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जात. स्मारकापाशी फुलं वाहून होतात न होतात तोच मामा गायब. शोधलं तर कडेला स्मारकाकडे पाठ करून समोरचं मोहरीचं शेत रंगवत बसलेले. एक ज्येष्ठ गृहस्थ संतापले. "आपली माणसं पडली त्या जागेकडे पाठ करून बसता?" मामांनी मान वर केली नाही. "ती काही या चबुतऱ्यावर पडली नाहीत, भाऊसाहेब. या शेतात पडली. तेच काढतोय." गृहस्थ मामांच्या मागे येऊन चित्र पुरं होईपर्यंत उभे राहिले, आणि सगळ्यांना घरी पोचायला उशीर झाला.

आता मूळ भानगडीकडे येतो. एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीच्या टोकावर झाडाची उंची मोजायची चित्रकारांची एक पद्धत असते. त्या वर्षांत दिल्लीच्या आसपास शेतात येऊन असलं काही करणारी माणसं एकाच प्रकारची असत, ती म्हणजे जमीन घ्यायला आलेल्यांची मोजणीवाली. त्यात मामांचा स्वेटर, चष्मा आणि बाबूपण. एका गावात आम्ही पोचलो तशी खुर्ची आली, लस्सी आली, हुक्का आला. एकजण मामांच्या कानाशी लागला, "साब, हमारा खेत जरा सडक की तरफ दिखा दो. रेट अच्छा मिल जाएगा." मामा चित्रात बुडालेले. मान तिरपी करून त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "नहीं भाई, सडक वहाँ अच्छी नहीं लगती. मैं तो सडक ही हटा रहा हूँ." त्यावर जो गलका उठला त्यात आम्ही फळी, छत्री आणि अर्धी लस्सी टाकून स्कूटर गाठली.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण मामांनी ज्या शेतात बसून चित्र काढलं, तिथे वर्षा-दोन वर्षांत खरोखरच खांब रोवले जात, सेक्टरचा नंबर पडे आणि कमानीवर परदेशी वाटणारं नाव झळके. कारण साधं होतं. नवा रस्ता जिथवर पोचे तिथवर मामांची स्कूटर जाई, आणि बिल्डरही त्याच रस्त्याने येत. पण गावांत बोलबाला झाला की हे बाबूजी बसतात तिथे मकान उगवतं. त्याची खबर एका प्रॉपर्टी डीलरला लागली. सफारी सूट, कमरेला पेजर, हातात काजूकतलीचा डबा. "सर, बस इशारा कर दो. अगले संडे किधर बैठोगे?" मामांनी हात जोडून समजावलं. पुढच्या रविवारी त्याची गाडी आमच्या मागे. मग मामांनी मुद्दाम यमुनेच्या पात्रातल्या वाळूत स्टूल मांडलं आणि दुपारपर्यंत डासांच्या घोळक्यात नुसतं आभाळ काढलं. डीलर दूर उभा राहून गंभीरपणे वाळू बघत होता. त्याने तिथे खरंच काही घेतलं की काय, देव जाणे.

मी हसत असे. मामाही हसत, पण पहिल्यासारखं नाही. एका संध्याकाळी मी गेलो तर त्यांनी सगळी चित्रं पलंगावर मांडली होती. "बघा," ते म्हणाले, "यातलं एकही आता जागेवर नाही." आवाज मोकळा होता, पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत असं मामींनी नंतर सांगितलं.

अशात त्यांना ती आमराई सापडली. गाझियाबादच्या पलीकडे, हिंडन नदीच्या अंगाला. जुनी, बुंध्यांना पोक आलेली झाडं, मध्ये विहीर, पलीकडे गव्हाची शेतं. इतक्या वर्षांत मामा एखाद्या जागेपुढे विहीर विसरलेले मी पाहिले नव्हते. पाणीसुद्धा न चाखता त्यांनी कागद ताणला. एवढ्यात बागेचा मालक आला. म्हातारा, उंच, पांढरं पागोटं. गावात त्यांना सगळे चौधरीजी म्हणत. मामांची कीर्ती त्यांच्या कानावर आलेली होती. त्यांनी शांतपणे हात जोडले. "बाबूजी, बुरा मत मानना. और कहीं बना लो. मेरा बाग रहने दो."

एरवी पोलिसाशी हुज्जत घालणारे मामा लगेच उठले. कागद गुंडाळला, पेटी मिटली. "जैसा आप कहें."

त्यानंतर मात्र ते पुन्हा पुन्हा तिथेच जात. पेटी बंद, हात रिकामे. चौधरीजींच्या खाटेवर बसून चहा पीत, मामींनी दिलेली थालीपिठं त्यांना खाऊ घालत, आणि नजर झाडांवर. मध्येच पुटपुटत, "तो बुंधा जांभळा आहे, जावईबापू, तपकिरी नाही." हात शिवशिवत, मग ते खिशात घालत. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, हा शुद्ध खुळचट समज आहे. चित्राने कधी बाग जाते का?"

"नाही जात. ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही ना," मामा म्हणाले. "आणि उद्या गेलीच, तर मी काढलं म्हणून गेली असं त्यांना मरेपर्यंत वाटेल. एका चित्रासाठी एवढं ओझं कुणाला द्यायचं?"

असे हिवाळे गेले. मामांची निवृत्ती जवळ आली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं आणि साताऱ्याला परतायचं ठरलं होतं. बाकी सगळं काढून झालं, एवढं एक राहिलं, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण हिंडनच्या पुलावर स्कूटर आपोआप हळू होई.

त्या शेवटच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दार वाजलं. मी मामांकडेच होतो. दारात चौधरीजी. सरोजिनी नगरच्या कपडेबाजारात ढकलाढकली सोसत, पत्ता विचारत आलेले, हातात गुळाची ढेप. मामींनी चहा दिला. त्यांनी तो पूर्ण संपवला आणि मग सांगितलं, "बेटों ने कागज कर दिए. मुझसे बाद में पूछा. होली के बाद पेड कटेंगे." मामा काहीतरी बोलायला गेले. चौधरीजींनी हात वर केला. "आपने तो बनाया भी नहीं था, बाबूजी. अब बना दो."

आता ते क्वार्टर दुसऱ्या कुणाचं आहे. मामा साताऱ्याला टेकड्या रंगवतात. फोनवर म्हणतात, "इथे एक बरं आहे, पुढच्या रविवारी टेकडी जागेवर असते." त्यांची पुष्कळ चित्रं आमच्या घरात आहेत. आमराईचं तेवढं नाही. ते मी एकदाच पाहिलं, काढलं गेलं त्या दिवशी.

तो सोमवार होता. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला खोटं कळवलं की तब्येत बरी नाही. धुक्यात आम्ही पोचलो. मामांनी विहिरीचं पाणी काढलं आणि ओंजळभर प्यायले, पण निकाल काही दिला नाही. त्यांनी पेन्सिलीने मोजलंही नाही. इतक्या हिवाळ्यांत सगळं मोजून झालं होतं. चौधरीजी शेजारी खाटेवर बसले. मामांनी त्यांना विचारलं, "कुछ खास चाहिए?" बघ्याला असं विचारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चौधरीजी म्हणाले, "जैसा है."

दुपार कलायच्या आधी चित्र झालं. धुक्यातून निघणारी झाडं, विहिरीचा ओला काठ, आणि खरंच जांभळे बुंधे. मामांचं इतकं चांगलं चित्र मी त्याआधी किंवा नंतर पाहिलं नाही. ते स्वतःही त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चौधरीजी, ये आपका है." चौधरीजींनी हात पुढे केले. मामांनी फळी मागे घेतली. "जरा सूखने दो. गीला है अभी."

फळी खाटेवर आडवी ठेवली. ते दोघे तिच्या दोन्ही बाजूंना बसले. चौधरीजी बोलू लागले. कुठलं झाड वडिलांनी लावलं, कुठल्याखाली मुलीची वरात उतरली, कुठल्याला त्यांच्या बायकोने झोका बांधायला लावला होता. मधूनच विचारत, "सूख गया, बाबूजी?" मामा बोटाची मागची बाजू कागदाला लावून म्हणत, "अभी नहीं."

मी वाकून कोपऱ्याला हात लावला. कागद खडखडीत वाळला होता. मी मामांकडे बघितलं.

"थंडीत वेळ लागतो, जावईबापू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बसा तुम्ही."

मी बसलो. या माणसाचा पाण्याचा कॅन आपण वाहिला याचा मला फार अभिमान वाटत होता. चौधरीजी एकेका झाडाचं सांगत गेले, मामा ऐकत गेले. शेवटच्या झाडाचं सांगून झालं तेव्हा शेतावरचं ऊन उतरलं होतं. मग मामांनी पुन्हा एकदा कागदाला बोट लावलं आणि म्हणाले, "हाँ. अब ले जाइए."